शोधनिबंधांची यादी कशी वाचावी : डॉ. कमल रणदिवे यांच्या कार्याच्या आधारे एक अभ्यास

ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रकाच्या जोडीला अहवालात एखादा अभ्यासपर लेख असावा, ही आपल्या विश्वस्त मंडळाची परंपरा आहे. यंदाच्या विषयाची निवड दोन प्रश्नांतून झाली. संशोधनासाठी राखीव निधी देऊ इच्छिणारे देणगीदार आम्हांस विचारतात, "अमुक डॉक्टरांचे किती पेपर छापून आले आहेत?" आणि कर्करुग्णांचे आप्त एखाद्या महागड्या भुकटीचे माहितीपत्रक पुढे करून म्हणतात, "साहेब, यावर संशोधन झाले आहे, पेपर आहेत." दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी पैसा आहे, आणि दुसऱ्याच्या मुळाशी जीवही. शोधनिबंधांच्या यादीचा अर्थ कसा लावावा, हे त्यामुळे आपणा सर्वांस थोडेबहुत कळावयास हवे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे. वैद्यकातील गहन चर्चा त्याच्या अधिकाराबाहेरची आहे. तथापि कोणतीही नोंद वाचताना तिच्यामागे पावती आहे का, ती दुसऱ्या कोणी तपासली आहे का आणि पुढच्या वर्षी तिचे काय झाले, हे पाहण्याची सवय या व्यवसायाने लावली. हीच सवय येथे उपयोगी पडते.

उदाहरण पुण्याचेच घेतले आहे. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. शालेय शिक्षण हुजूरपागेत व पुढील शिक्षण फर्ग्युसनमध्ये झाले. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. कन्येने मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राची वाट धरली. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणिताचे जाणकार श्री. जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळविली. त्या वेळचा अभ्यासविषय होता सीताफळ-रामफळाच्या कुलातील वनस्पतींची पेशीगत आनुवंशिकता. कर्करोगाच्या भावी संशोधिकेची सुरुवात सीताफळापासून व्हावी याचे नवल वाटते. परंतु पेशीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळण्याची शिस्त तेथेच अंगी बाणली असावी.

विवाहानंतर त्या मुंबईस गेल्या. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन १९४१ मध्ये झाले होते आणि तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. खानोलकरांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीमती रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. पुढे शिष्यवृत्तीवर त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीरातील पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढविण्याचे, तंत्र शिकल्या. १९५१ मध्ये हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णेच्या गाठीतून वाढविलेल्या, आजही जगभर वापरात असलेल्या 'हेला' पेशी याच प्रयोगशाळेतील. त्या पेशी घेताना रुग्णेची संमती घेतली गेली नव्हती. आज आपल्या रुग्णालयात जी संमतिपत्रे भरून घेतली जातात व ज्यांचा नातेवाइकांना कधी कधी कंटाळा येतो, ती ज्या घटनांमुळे जगभर कडक झाली त्यांत या घटनेची आठवण नेहमी दिली जाते.

परत येऊन त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची व प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. पेशींना वाढीसाठी लागणारे पोषकद्रव आयात करणे परवडणारे नव्हते. ते त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने येथेच तयार करविले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र हे तीन नवे विभाग त्यांनी सुरू केले. हेच केंद्र पुढे टाटा मेमोरियल केंद्रात विलीन झाले आणि आज नवी मुंबईतील खारघर येथे 'अॅक्ट्रेक' या नावाने त्याची परंपरा चालू आहे. डॉ. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे २०० हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. बहुतेक परिचयलेखांत हा आकडा येतो आणि लेख तेथेच संपतो. हिशेबनिसाच्या दृष्टीने हे एखाद्या संस्थेच्या वर्षभरातील पावत्यांची केवळ संख्या सांगण्यासारखे आहे. रक्कम किती, कोणत्या खात्यावर, वसूल झाली की बुडाली, याचा त्यातून पत्ता लागत नाही.

ही यादी पाहू इच्छिणाऱ्यास प्रथम नावाचाच पेच पडतो. जागतिक नियतकालिकांत लेखकाचे आडनाव व आद्याक्षरे छापली जातात, त्यामुळे डॉ. कमल रणदिवे तेथे 'रणदिवे के. जे.' या नावाने आढळतात. एकाच आडनावाच्या व आद्याक्षरांच्या दोन व्यक्तींचे निबंध एकाच्या खात्यात जमा होणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. विवाहानंतर नाव बदललेल्या संशोधिकांच्या बाबतीत एकीचे काम दोघींत विभागले जाते. डॉ. रणदिवे यांचा विवाह संशोधनाच्या प्रारंभापूर्वीच झाल्याने त्यांच्या यादीत हा घोटाळा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'पबमेड' ही सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. मात्र १९७५ पूर्वीच्या बहुतेक निबंधांचा सारांश तेथे मिळत नाही, केवळ शीर्षक दिसते. जुन्या पिढीच्या संशोधकाचे मोजमाप घरबसल्या संगणकावर करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट लेखकांच्या क्रमाची. जीववैद्यकीय निबंधात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे व शेवटचे मार्गदर्शकाचे असते. डॉ. रणदिवे यांच्या यादीत प्रारंभी बापट, रणदिवे, खानोलकर असा क्रम दिसतो. उत्तरकाळात त्यांच्या नावामागे गोठोसकर, तेजाबवाला, अंबये अशी सहकाऱ्यांची नावे येतात. प्रयोगशाळेत कोण शिकले, कोण मोठे झाले, याचा हा एक प्रकारचा वंशवृक्षच आहे.

यादीतील दोनच नोंदी येथे सविस्तर पाहू. एक रोगप्रतिकारशास्त्राची आहे व दुसरी कर्करोगाची.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी दाखवून दिला. परंतु तो प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात आजतागायत कोणालाही वाढविता आलेला नाही. जो जंतू वाढविता येत नाही त्याची लस करावयाची कशी, हा प्रश्न होता. १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वेगळा करून तो मानवी चेतापेशींच्या संवर्धनात वाढविला. ऊतिसंवर्धनाचे परदेशी शिकलेले तंत्र असे कर्करोगाऐवजी कुष्ठरोगाच्या कामी आले. संस्थेच्या नावावरून या जंतूस 'आयसीआरसी जंतू' म्हणतात. हा खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे काय, यावर पुढे बराच वाद झाला. अखेर तो कुष्ठरोगाचा नसून 'मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलर' या दुसऱ्या गटातील असल्याचे ठरले.

एखादा म्हणेल, मग निबंध वाया गेला. तसे झाले नाही. तीव्र स्वरूपाच्या कुष्ठरोगात रुग्णाचे शरीर या जंतूला शत्रू म्हणून ओळखतच नाही. पांढऱ्या पेशी जणू त्याच्याकडे पाठ फिरवितात. आयसीआरसी जंतूचे काही घटक कुष्ठरोगाच्या जंतूशी इतके मिळतेजुळते आहेत, की तो मृत स्वरूपात टोचल्यास ही हरवलेली ओळख पुन्हा जागी होऊ शकते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. एम. जी. देव, डॉ. बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्साराने निष्प्राण केलेल्या या जंतूपासून लस विकसित केली. पुढे तामिळनाडूत डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १,७१,४०० व्यक्तींवर चार लसींची तुलनात्मक चाचणी झाली. कोणास कोणती लस दिली हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयसीआरसी लसीचे संरक्षण ६५.५ टक्के, बीसीजी व मृत कुष्ठजंतू यांच्या मिश्रणाचे ६४ टक्के, केवळ बीसीजीचे ३४.१ टक्के आणि 'एमडब्ल्यू' लसीचे २५.७ टक्के आढळले.

१९५८ ते १९९८, म्हणजे ४० वर्षे. तोवर बहुविध औषधोपचारामुळे कुष्ठरोगाचे प्रमाण देशात खूपच उतरले होते आणि ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात सर्वत्र दिली गेली नाही. व्यापारी भाषेत हे गुंतवणुकीवरील परताव्याचे उत्तम उदाहरण ठरणार नाही. तथापि १९५८ चा जंतू इतरांनी पडताळला, त्याचे वर्गीकरण दुरुस्त केले, त्यापासून लस बनविली आणि लाखावर माणसांत ती पारखली, ही साखळी पाहता मूळ नोंद भक्कम होती असेच म्हणावे लागते. लेखकांनी जे पाहिले ते पुन्हा पाहता आले. त्याला दिलेले नाव नंतर बदलले, एवढेच.

दुसरी नोंद आपल्या तोंडाशी संबंधित आहे, शब्दशः. भारतात तंबाखूमुळे मुखकर्करोग होतो हे खानोलकरांच्या काळापासून सांगितले जात होते. सुपारीविषयी मात्र समाजात आदरच होता. पूजेत ती गणपती म्हणून मांडली जाते, लग्न ठरले की सुपारी फुटते आणि जेवणानंतर तबकात ती येतेच. अशा सुपारीचे डॉ. रणदिवे व सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून परीक्षण केले. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर' या नियतकालिकात १९७६ मध्ये सुपारी व तंबाखू यांच्या कर्कजनकतेवरील आणि १९७९ मध्ये पानविडा व मुखकर्करोग यांवरील त्यांचे निबंध आले. त्याआधी १९७२ मध्ये खाद्यतेलांतील अपायकारक भेसळीवरील निबंध त्याच नियतकालिकात आला होता. सुपारीचा पाण्यातील अर्क उंदरांच्या त्वचेखाली टोचला असता त्या जागी गाठी उद्भवल्या, हे त्यांनी दाखविले. पानविड्याच्या घटकांचे परीक्षण हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालातील पिशवीवर केले. माणसाच्या गालाच्या आतील भागाशी तिचे साम्य असल्याने ती निवडली गेली.

एवढ्यावरून सुपारी दोषी ठरली का? तेव्हा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये सर्व पुराव्यांचे परीक्षण केले. तंबाखूयुक्त पानविडा कर्कजनक असल्याचे तिने निःसंदिग्धपणे म्हटले; तंबाखूविरहित पानविड्याबाबत मात्र माणसांतील पुरावा अपुरा असल्याचा निर्णय दिला. भारतात सुपारी व तंबाखू बहुधा एकत्रच खाल्ली जात असल्याने दोघींचा दोष वेगळा काढणे अवघड होते. पुढे तैवानमधून अभ्यास आले. तेथे विड्यात तंबाखू घालीत नाहीत, तरीही मुखकर्करोग आढळत होता. २००३ मध्ये तज्ज्ञसमिती पुन्हा बसली आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात सुपारी स्वतःच माणसात कर्कजनक असल्याचे, पहिल्या गटात, नोंदविले गेले. डॉ. रणदिवे यांचे निधन होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. महाराष्ट्रात गुटखा व पानमसाल्यावर बंदी जुलै २०१२ मध्ये आली. तोंड पुरेसे न उघडण्याचा जो विकार तरुण वयात दिसतो, 'सबम्युकस फायब्रोसिस', त्याचे मुख्य कारणही सुपारी हेच आहे. रुग्णाच्या उशाशी बसून सुगंधी सुपारी चघळणाऱ्या नातेवाइकांना आमच्या परिचारिका हटकतात, तेव्हा "यात तंबाखू नाही" हे उत्तर ठरलेले असते. १९८५ चा पुरावा त्यांच्या बाजूने काही बोलत होता. २००४ नंतर तसे राहिले नाही.

याच तराजूत आता ती महागडी भुकटी घालून पाहू. उंदरांवरील उत्तम प्रयोग, नामांकित नियतकालिक, अनुभवी संशोधिका हे सर्व असूनही सुपारीवर ठपका ठेवण्यास जगाने माणसांतील पुराव्यासाठी सुमारे २५ वर्षे वाट पाहिली. मग काचेच्या भांड्यातील पेशी मेल्या, एवढ्या आधारावर एखादे द्रव्य माणसाचा कर्करोग बरा करते असे कसे मानावे? पत्रकावर 'संशोधनाने सिद्ध' असे असल्यास प्रयोग भांड्यात झाला, उंदरांत झाला की माणसांत, हे प्रथम विचारावे. माणसांत झाला असल्यास किती जणांत, आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का, हे विचारावे. 'रोगप्रतिकारशक्ती वाढते' हा शब्दप्रयोग तर विशेष जपून घ्यावा. प्रतिकारशक्ती ही पाण्याच्या टाकीसारखी कमी-अधिक होणारी वस्तू नाही. कुष्ठरोगाच्या उदाहरणात आपण पाहिले की खरा प्रश्न ओळखीचा होता, प्रमाणाचा नव्हे. याच ओळखीच्या तत्त्वावर रुग्णाच्या पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखावयास लावून परत देण्याचा उपचार मुंबईची आयआयटी व टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. त्यापूर्वी तो रुग्णांवरील चाचण्यांतून गेला. ठरावीक रक्तकर्करोगांसाठीच तो आहे, सर्व कर्करोगांसाठी नाही, हेही सांगितले पाहिजे.

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. निबंधांची संख्या मागितली की संख्या पुरविली जाते. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके गेल्या दोन दशकांत उदंड झाली. आपल्याच पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठांनी शिफारस केलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांस उतरली नाहीत. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने नवी यादी केली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविली. म्हणजे आता आपल्यासारख्या न्यासांना स्वतःच पारख करणे भाग आहे.

मला विचाराल तर अर्जदाराकडून पूर्ण यादी मागवूच नये. त्याने स्वतः निवडलेले तीन निबंध मागवावेत, आणि प्रत्येकाखाली चार ओळी: त्यातले निरीक्षण दुसऱ्या कोणी पडताळले का, चुकीचे ठरले असल्यास काय ठरले, आणि त्याच्या आधारे पुढे कोणी काय केले. नवोदितांच्या बाबतीत ही साखळी अर्थातच आखूड असेल. तेथे मार्गदर्शक व प्रयोगाची मांडणी पाहावी. संदर्भांची संख्या, नियतकालिकाचा प्रभाव-गुणांक इत्यादी आकडे सोबत असण्यास हरकत नाही, परंतु ते ताळेबंदाखालील टीपेसारखे वाचावेत. आणखी एक सूचना, जी काही विश्वस्तांना रुचणार नाही: तीन वर्षांत फळ मागणारा निधी आणि पायाभूत संशोधनाचा निधी ही दोन खाती वेगळी ठेवावीत. एकाचे मोजमाप दुसऱ्यास लावल्यास १९५८ चा जंतू तिसऱ्याच वर्षी बाद झाला असता.

जे यादीत येत नाही तेही थोडे सांगणे उचित होईल. १९७३ मध्ये डॉ. रणदिवे यांनी सहकारी भगिनींसमवेत भारतीय महिला वैज्ञानिक संघाची स्थापना केली; नवी मुंबईत वाशी येथे त्याचे कार्य चालते. उत्तरायुष्यात त्यांनी तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी केली आणि ग्रामीण स्त्रियांसाठी आरोग्याचे काम केले. कोणत्याही प्रभाव-गुणांकात याची जमा दिसत नाही.

या लेखात उल्लेखिलेल्या निबंधांची शीर्षके व उपलब्ध सारांश यांच्या छापील प्रती ग्रंथालयात ठेवल्या आहेत. माहितीपत्रकातील दावा पडताळून पाहावयाचा असल्यास रुग्णांच्या आप्तांनी ते पत्रक समाजसेवा विभागात द्यावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन ते मराठीत समजावून सांगितले जाईल. यासाठी कोणतेही शुल्क नाही.